उसना रस्ता

अमेरिकेतल्या शिकागो शहरात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सात रस्ते रस्ते राहत नसत. सिग्नलचे खांब जागेवरच असायचे, डांबरही तेच. पण दोन्ही कडांना काँक्रिटच्या भिंती उभ्या राहायच्या, भिंतींवर उंच लोखंडी जाळी चढायची आणि मधून ताशी दीडशे किलोमीटरच्या घरातल्या वेगानं मोटारी गरगरत जायच्या. शनिवार-रविवार दोन दिवसांचा हा खेळ. मग भिंती उचलल्या जायच्या, जाळ्या उतरायच्या आणि त्याच डांबरावरून शहराच्या बस धावू लागायच्या.

मी कविता लिहिणारा माणूस. मोटारीशी माझा संबंध एसटीच्या खिडकीपुरता. तरी हा विषय मी आज बोलायला घेतला, तो मोटारींसाठी नव्हे, रस्त्यासाठी. रस्ता हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि आल्यावर त्याला कोणी परका म्हटलं नाही. रस्त्याचा स्वभावच तसा. तो ज्याचे पाय पडतील त्याचा होतो. म्हणूनच सगळ्यांचा रस्ता थोड्या दिवसांसाठी कोणी मागून घेतला, तर तो कुणी द्यायचा आणि कुणाला विचारून द्यायचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शिकागोच्या या तात्पुरत्या सर्किटचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे.

आधी स्टॉक कार म्हणजे काय ते सांगायला हवं. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. शर्यतीसाठी खास न बनवलेली, दुकानात विक्रीला असते तशी मोटार म्हणजे स्टॉक कार. आज या शर्यतीत धावणाऱ्या गाड्या फक्त दिसायलाच दुकानातल्या गाडीसारख्या असतात. आतून त्या पूर्णपणे शर्यतीसाठी घडवलेल्या असतात. पण नाव टिकलं, कारण या खेळाचा जन्म साध्या माणसाच्या गाडीतून आणि साध्या रस्त्यावर झाला.

तो जन्म बघायला शिकागो सोडून थोडं दक्षिणेला, फ्लोरिडातल्या डेटोना बीचला जावं लागेल. तिथल्या किनाऱ्यावरची वाळू घट्ट आणि सपाट. वेगाचे जागतिक विक्रम करणारे लोक तिथे येत. १९३५ साली माल्कम कॅम्पबेल यांनी तिथला शेवटचा मोठा विक्रम केला आणि मग विक्रमवीरांची पावलं यूटातल्या मिठाच्या मैदानाकडे वळली. पाहुणे गेले की हॉटेलं रिकामी पडतात. तेव्हा डेटोनाच्या नगरपालिकेनं १९३६ साली एक शक्कल लढवली. समुद्राला समांतर जाणारा महामार्ग आणि समुद्राची वाळू, दोन्ही टोकांना जोडून सुमारे पाच किलोमीटरचा एक लांबट गोल तयार केला. गाड्या डांबरावरून एका दिशेला जायच्या आणि वाळूवरून परत यायच्या. या सर्किटचं घड्याळ समुद्राच्या हातात होतं. भरती आली की अर्धा रस्ता पाण्याखाली. पहिल्याच शर्यतीत वळणांवरची वाळू इतकी उकरली गेली की गाड्या रुतून बसल्या आणि ठरलेलं अंतर पुरं होण्याआधीच शर्यत थांबवावी लागली. नगरपालिकेला २२ हजार डॉलरचा खड्डा पडला.

त्या शर्यतीत बिल फ्रान्स नावाचा एक मेकॅनिक धावला होता. पुढे शर्यती भरवण्याचं काम त्यानंच अंगावर घेतलं. पण उघड्या किनाऱ्यावर तिकीट घेणार कोण? लोक झाडाझुडपांतून, वाळूच्या टेकड्यांवरून फुकट घुसायचे. त्यावर फ्रान्सनं झुडपांत पाट्या लावल्या, 'विषारी सापांपासून सावध राहा' अशा! डिसेंबर १९४७ मध्ये डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात त्यानं गाडीवाल्यांची बैठक बोलावली आणि तीतून 'नासकार' ही संघटना उभी राहिली. फेब्रुवारी १९४८ मध्ये संघटनेची पहिली शर्यत याच वाळू-डांबराच्या गोलावर झाली. ती जिंकणारा रेड बायरन दुसऱ्या महायुद्धात पायाला जबर दुखापत होऊन परतलेला सैनिक होता. १९५८ च्या फेब्रुवारीत किनाऱ्यावरची शेवटची शर्यत झाली. पुढच्या वर्षी गावाबाहेर भिंतींनी बंदिस्त, उंच कडांचा भला मोठा ट्रॅक उभा राहिला. समुद्राची कटकट गेली, फुकट्यांचीही गेली. रस्त्यावर जन्मलेला खेळ रस्ता सोडून स्वतःच्या घरात राहायला गेला.

त्या घरात तो साठ-बासष्ट वर्षं राहिला. भरभराटीला आला, श्रीमंत झाला, आणि मग हळूहळू थकला. प्रेक्षक वयानं वाढले. हा खेळ म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्या माणसांचा, अशी त्याची ओळख पक्की होऊन बसली होती. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा मैदानात राजरोस फडकायचा. त्या झेंड्यावर नासकारनं बंदी घातली ती २०२० च्या जूनमध्ये. त्याच वर्षी बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन एका संघाचा भागीदार मालक झाला आणि बब्बा वॉलेस हा कृष्णवर्णीय चालक त्या संघात आला. जॉर्डनची कीर्ती शिकागोत घडलेली. नव्या प्रेक्षकांच्या शोधात निघालेल्या नासकारची नजर शिकागोवर पडली, यात नवल नाही. शहरापासून तासाभरावर जोलिएटला एक बंदिस्त ट्रॅक २००१ पासून होता. पण तिथली शर्यत २०१९ नंतर बंद पडली होती. शहर ट्रॅककडे येत नसेल, तर ट्रॅकच शहरात न्यावा, असा विचार झाला.

गंमत अशी, की हा रस्ता आधी आखला गेला तो संगणकावर. २०२१ च्या जूनमध्ये एका आभासी शर्यतीसाठी शिकागोचे रस्ते पडद्यावर उभे केले गेले आणि चालक घरात बसून त्यावर धावले. वर्षभरानं, जुलै २०२२ मध्ये, महापौर लोरी लाइटफूट यांनी जाहीर केलं की हीच शर्यत आता खरोखरच्या रस्त्यांवर होणार. करार तीन वर्षांचा. लांबी २.२ मैल, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर. वळणं बारा.

आता हा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. मी शिकागोला गेलेलो नाही, पण या नकाशावरून बोट इतक्यांदा फिरवलं आहे की ती वळणं पाठ झाली आहेत. सुरुवात बकिंगहॅम कारंजासमोर, कोलंबस ड्राइव्हवर. कोलंबसच्या नावाचा रस्ता. पण याच बागेतला त्याचा पुतळा २०२० साली आंदोलनानंतर रातोरात हलवावा लागला. पुढे डावीकडे बाल्बो ड्राइव्ह. इटालो बाल्बो हा मुसोलिनीचा साथीदार, फॅसिस्ट. १९३३ साली तो समुद्री विमानांचा ताफा घेऊन शिकागोला उतरला म्हणून शहरानं त्याला रस्ता दिला, तो अजून आहे. मग उजवीकडे, मिशिगन सरोवराच्या काठानं जाणारा लेक शोर ड्राइव्ह. त्याला २०२१ साली ज्याँ बाप्तीस्त प्वाँ दु साब्ल यांचं नाव जोडलं गेलं. ते कृष्णवर्णीय होते, आणि बाहेरून येऊन या जागी कायमची वस्ती करणारे पहिले गृहस्थ तेच मानले जातात. म्हणजे एका फॅसिस्टाच्या रस्त्यावरून वळलं की शहराच्या कृष्णवर्णीय संस्थापकाचा रस्ता. गाडीला हे वळण घ्यायला काही सेकंद लागतात. शहराला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

पुढे रूझवेल्ट रोडवरून फेरा मारून गाड्या पुन्हा बाल्बोवर येतात, रेल्वेचे रूळ ओलांडतात आणि मिशिगन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळतात. २८ ऑगस्ट १९६८ च्या रात्री याच कोपऱ्यावर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात जमलेल्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. साऱ्या अमेरिकेनं ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. आणि २००८ च्या नोव्हेंबरात बराक ओबामा निवडून आले, तेव्हा त्यांनी विजयाचं भाषण केलं तेही याच बागेत. या बागेचं नाव ग्रँट पार्क. सगळं सर्किट या बागेला वेढा घालून आणि तिच्या मधून जातं. खरी गोष्ट रस्त्याची नसून या बागेची आहे.

१८३६ साली, शिकागो अजून गावढं असताना, कालव्याच्या कामासाठी नेमलेल्या आयुक्तांनी जमिनीचे भूखंड पाडले. सरोवराकाठची एक पट्टी मात्र त्यांनी विकली नाही. नकाशावर त्या पट्टीवर त्यांनी लिहून ठेवलं, की ही जागा सार्वजनिक आहे आणि ती सदैव मोकळी राहील. तिच्यावर इमारत नको, कसलाही अडथळा नको. एका नकाशावरची एक ओळ, एवढंच. कायदा नाही, ताम्रपट नाही. १८७१ च्या भीषण आगीत शहर जळालं. तेव्हा जळक्या विटा-लाकडांचा राडारोडा याच किनाऱ्यावर ओतला गेला आणि जमीन वाढली. आज मिशिगन ॲव्हेन्यूलगत दिसणाऱ्या हिरवळीखाली जुन्या शिकागोची राख आहे.

मोकळी जागा दिसली की तिच्यावर बांधकाम सुचतं, हे सगळ्या शहरांचं दुखणं. विसाव्या शतकाच्या तोंडाशी तिथे एकामागून एक इमारतींचे बेत होऊ लागले. त्यांच्या आड एक माणूस उभा राहिला, आरन माँटगोमेरी वॉर्ड. टपालानं माल घरपोच पाठवणारा हा बडा व्यापारी. त्याची पेढी मिशिगन ॲव्हेन्यूवरच होती. १८९० साली त्यानं नकाशावरच्या त्या जुन्या ओळीच्या आधारानं शहरावर दावा लावला आणि १९११ पर्यंत तो लढत राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला आडमुठा ठरवलं. प्रतिष्ठितांनी त्याच्याशी संबंध तोडले. लोकांची बाग लोकांच्याच मनाविरुद्ध वाचवायला इतकी वर्षं जातील हे माहीत असतं, तर कदाचित यात पडलोच नसतो, असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. पण इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. दोन वर्षांनी वारला. सरोवराकाठची ती बाग आज मोकळी आहे, ती त्याच्यामुळे.

एक इमारत मात्र या भांडणातून सुटली, ती आर्ट इन्स्टिट्यूटची. आणि ती आपल्या ओळखीची आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये सर्वधर्मपरिषद याच इमारतीत भरली. स्वामी विवेकानंद इथेच बोलले, आणि मुंबईचे बी. बी. नागरकरही त्या परिषदेत बोलले. शर्यतीच्या गाड्या जॅक्सन ड्राइव्हवर वळायच्या, तेव्हा ही इमारत त्यांच्या हाकेच्या अंतरावर असायची.

तर अशा या 'सदैव मोकळ्या' जागेभोवती २०२३ च्या जूनमध्ये भिंती उभ्या राहू लागल्या. उभारायला आणि उतरवायला मिळून पहिल्या वर्षी ४३ दिवस लागले. दोन दिवसांच्या शर्यतीसाठी दीड महिना. सर्वसाधारण तिकीट दोन दिवसांचं २६९ डॉलर. नासकारनं शहराला परवान्यापोटी दिले पाच लाख डॉलर, पुढच्या वर्षी साडेपाच लाख, तिसऱ्या वर्षी सहा लाख पाच हजार. पहिल्या वर्षी पोलीस आणि इतर बंदोबस्तावर शहराचे मात्र सुमारे ३५ लाख डॉलर खर्च झाले. या करारात आपल्याला आधी विचारलंच नाही, अशी त्या भागातल्या नगरसेवकांची तक्रार होती. करार करणाऱ्या महापौरबाई २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक हरल्या आणि शर्यत आली ती नवे महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या पदरात.

शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी, ३० जूनला, ध्वनियंत्रणा जोडणारा एक कामगार विजेचा धक्का बसून मरण पावला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. तात्पुरत्या गोष्टी उभारणारे हात आपल्याला दिसत नाहीत. मांडव घालणारा, वायरी ओढणारा, रात्रीतून रस्ता झाडणारा. सोहळ्याच्या हिशेबात त्यांचं नाव कुठे येत नाही.

आणि मग पाऊस आला. शनिवारची दुय्यम शर्यत विजांमुळे २५ फेऱ्यांवर थांबली ती थांबलीच. रविवारी, २ जुलैला, असा कोसळला की शहराच्या पश्चिम भागात घरांच्या तळघरांतून पाणी शिरलं. गाण्यांचे कार्यक्रम रद्द झाले. मुख्य शर्यत दीड तासाहून अधिक उशिरा सुरू झाली. ओल्या रस्त्यासाठीचे टायर लावून गाड्या निघाल्या आणि घसरून टायरांच्या ढिगाऱ्यांत जाऊन थडकू लागल्या. एका अरुंद वळणावर तर एकामागून एक गाड्या अडकून रस्ताच तुंबला. शर्यतीच्या रस्त्यालाही आपला मूळ धंदा आठवला असावा! अंधार पडू लागल्यानं शंभर फेऱ्यांची शर्यत ७५ वर आणली गेली आणि जादा फेऱ्या धरून ७८ व्या फेरीला संपली.

जिंकला तो शेन व्हॅन गिसबर्गन. न्यूझीलंडचा चौतीस वर्षांचा चालक. नासकारच्या सर्वोच्च मालिकेतली त्याची ही पहिलीच शर्यत. पदार्पणातच जिंकण्याचा असा प्रकार १९६३ नंतर, म्हणजे साठ वर्षांनी घडला. यात चमत्कार नव्हता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मालिकेत तो तीनदा विजेता झाला होता, आणि त्या मालिकेत शहराच्या रस्त्यांवर, भिंतींच्या कडेनं, पावसात गाडी चालवणं नेहमीचं. बाकीचे आयुष्यभर बंदिस्त गोल ट्रॅकवर वाढलेले. डेटोनाचा तो अर्धा महामार्ग जमेस धरला नाही, तर नासकारच्या मुख्य मालिकेची शहरी रस्त्यांवरची ही पहिलीच शर्यत होती. पासष्ट वर्षांनी हा खेळ रस्त्यावर परतला, तेव्हा रस्ता ओळखणारा माणूस बाहेरून यावा लागला.

दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, पुन्हा पाऊस. शर्यत ५८ फेऱ्यांत आटोपली आणि ॲलेक्स बोमननं ती जिंकली. २०२५ मध्ये शनिवार आणि रविवार अशा दोन्ही शर्यती व्हॅन गिसबर्गनच्याच. दरम्यान उभारणी-उतरवणीचे दिवस ४३ वरून २५ वर आले. खर्चाचा भार म्हणून नासकारनं दुसऱ्या वर्षी २० लाख डॉलर जादा द्यायचं कबूल केलं. शहराच्या पर्यटन मंडळानं अहवाल काढला, की पहिल्या वर्षीच शहराच्या अर्थव्यवस्थेत सुमारे १० कोटी ९० लाख डॉलरची उलाढाल झाली. तिकिटं घेणाऱ्यांत स्टॉक कारची शर्यत पूर्वी कधी न पाहिलेलेच जास्त होते, असं नासकारचं म्हणणं. आणि तिसरी शर्यत झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नासकारनं जाहीर केलं, की २०२६ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर शर्यत नाही. २०२७ साठी प्रयत्न करू. २०२६ च्या वेळापत्रकात तिच्याऐवजी सॅन डिएगोचा कोरोनाडो नौदल तळ आला आणि जोलिएटचा जुना बंदिस्त ट्रॅकही परत आला.

या सगळ्यावर शिकागोकरांची दोन मतं आहेत, आणि दोन्ही मला खरी वाटतात. घरासमोरचा रस्ता महिनाभर बंद, आवाज, आपल्याच बागेत जायला तिकीट. हे सोसणाऱ्याचा राग खरा. आणि बापाचा हात धरून जाळीपलीकडची ती गर्जना पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराचा आनंदही खरा. रस्ता म्हणजे काही नुसती वाहतूक नव्हे. आपल्याकडेही पीक निघाल्यावर मोकळ्या रानात शंकरपट भरतो. दोन दिवस त्या रानात माणूस मावत नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथे पुन्हा नांगर चालतो. उरुसाच्या रात्री आमच्या गावाच्या मुख्य रस्त्यावर पाळणे यायचे, आठव्या दिवशी तिथे फक्त रेवड्यांचे कागद उरायचे. आम्हा पोरांना वाईट वाटायचं, पण रस्ता गेला असं कधी वाटलं नाही. कारण तो कुणी मागितला होता आणि कुणी दिला होता, हे गावाला ठाऊक असायचं.

शिकागोत खटकतं ते हेच. वेगाचं मला काही वाटत नाही. मोटारींची शर्यत त्या शहराला नवीही नाही. अमेरिकेतली पहिली मोटार-शर्यत १८९५ च्या २८ नोव्हेंबरला तिथेच झाली होती, बर्फातून, जॅक्सन पार्कपासून एव्हान्स्टनपर्यंत आणि परत. सुमारे ५४ मैलांना विजेत्याला दहा तासांवर वेळ लागला. निघालेल्या सहा गाड्यांतल्या दोनच परत पोचल्या. तेव्हा रस्ता बंद करायची गरजही पडली नसावी. घोडागाडी पुढे निघून गेली असती! २०२३ मध्ये मात्र रस्ता बंद झाला, आणि ज्यांचा तो होता त्यांना ते शेवटी कळलं.

आपल्याकडे शेजारी वाटीभर साखर उसनी नेतो, तेव्हा दारात उभा राहून मागतो, आणि परत देताना वाटी शिगोशीग भरून देतो. दोन्ही गोष्टी झाल्या की ते उसनं. मागणं राहिलं, तर वाटी कितीही भरून आली तरी घरच्या बाईच्या मनात खोट राहते. शिकागोनं तीन वर्षांत वाटी भरून द्यायला शिकून घेतलं. दिवस कमी केले, पैसे वाढवले. मागायचं मात्र सुरुवातीलाच राहून गेलं होतं.

माँटगोमेरी वॉर्ड एकवीस वर्षं भांडला तो नकाशावरच्या एका ओळीसाठी. आपल्या शहरांच्या नकाशांवर अशा ओळी कुठे कुठे लिहिलेल्या आहेत, ते एकदा पाहायला हवं. मैदान, बाग, खेळाची जागा, असं ज्यावर लिहिलंय तिथे आज काय उभं आहे? ते तात्पुरतं आहे म्हणून कुणी सांगितलं असेल, तर परत कधी देणार, हे विचारायचा हक्क रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)